मांजर येतं कुठून?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या महिन्यात शेजारच्या घरातली दहा वर्षांची मुलगी मला विचारत होती, "आजोबा, मांजर कुठे मिळतं हो?" मी जरा गोंधळलोच. वह्या कुठे मिळतात, चांगला आंबा कुठे मिळतो, हे सांगता येतं. मांजर कुठे मिळतं, हे काय सांगायचं?

मंडळी, आमच्या लहानपणी हा प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. गावच्या आमच्या वाड्यात माळ्यावर सरपण असायचं, गोवऱ्या असायच्या. त्यांच्या आडोशाला कुठली तरी भाटी येऊन पिल्लं घालायची. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. आमच्या वाड्यात बिऱ्हाडं पाचच होती, त्यामुळे उरलेल्या दोन फेऱ्या ती बहुधा पुन्हा आमच्याकडेच मारत असावी. ज्या स्वयंपाकघरात पिल्लू रेंगाळलं, त्या घरचं ते मांजर. बाहेरच्या कुणाला हवं असलं तर निरोप यायचा, "यंदा तुमच्या मनीला पिल्लं झाली, तर एक आमच्यासाठी ठेवा हं." पिल्लाचे पैसे घेणं म्हणजे विरजणाचे पैसे मागण्यासारखं होतं.

हे झालं राहिलेल्या पिल्लाचं. चारांतलं एक राहायचं. बाकीच्या तिघांचं काय? तर डोळे उघडून ती घरभर धावायला लागली, दुधात तोंड घालायला लागली, की घरातल्या एखाद्या मोठ्या मुलाच्या हातात पोतं दिलं जायचं. मी स्वतः दोनदा असं पोतं सायकलच्या कॅरियरला बांधून नदीपलीकडे मंडईच्या मागं सोडून आलो आहे. "तिथं त्यांना भरपूर खायला मिळतं," असं घरात सांगायचे. आम्हीही ते मानलं. परत येताना मागं वळून बघायचं नाही, नाहीतर पिल्लं माग काढत घरी येतात, असंही सांगितलेलं असायचं. तेव्हा मागं वळून बघायचाही प्रश्न नव्हता.

त्या मुलीला उत्तर देता देता मला ते पोतं आठवलं. मग मी थोडं वाचायला घेतलं. लोक मांजर कुठून आणत आले, याचा इतिहास शोधायला गेलो, तर नको असलेली मांजरं कुठे गेली, हा इतिहासही त्याच्या शेपटीला बांधूनच आला.

सुरुवात अर्थातच धान्यापासून होते. पश्चिम आशियात माणूस शेती करू लागला, कणग्या भरू लागला. धान्य साठलं तसे उंदीर आले आणि उंदरांच्या मागोमाग तिथलं रानमांजर आलं. कुत्र्यासारखं त्याला कुणी मुद्दाम पकडून शिकवलं असेल, असं दिसत नाही. ते आपल्या पायांनी आलं आणि माणसानं त्याला हाकललं नाही. सायप्रस बेटावर शिलुरोकांबोस नावाच्या ठिकाणी सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं आहे. माणसाच्या सांगाड्यापासून जेमतेम हातभर अंतरावर सुमारे आठ महिन्यांच्या मांजराचा सांगाडा. फ्रेंच संशोधकांनी २००४ मध्ये हा शोध जाहीर केला, तेव्हा जगभर त्याची बातमी झाली. कारण सायप्रसवर मुळात मांजर हा प्राणीच नव्हता. म्हणजे कुणीतरी ते, किंवा त्याच्या आईला, आजीला, होडीत घालून समुद्रापार नेलं होतं. इतिहासात आपल्याला माहीत असलेलं हे बहुधा पहिलं 'आणलेलं' मांजर.

पुढे कित्येक शतकं मांजर असंच या होडीतून त्या बंदरात, या घरातून त्या घरात जात राहिलं. त्याला किंमत होती, पण ती उंदीर मारण्याची. वेल्समधल्या हिवेल दा या दहाव्या शतकातल्या राजाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या कायद्यांत मांजराचा चक्क दर ठरवून दिलेला आहे. डोळे न उघडलेलं पिल्लू एक पेनी, डोळे उघडल्यावर उंदीर मारेपर्यंत दोन पेन्या, आणि उंदीर मारायला लागलं की चार. शिवाय मांजराला नीट दिसलं पाहिजे, ऐकू आलं पाहिजे, नखं शाबूत पाहिजेत आणि तिनं स्वतःची पिल्लं खाता कामा नयेत. जनावराच्या बाजारात बैलाचे दात बघतात, तसाच हा प्रकार. त्यात रंग, लांब केस, गोंडस चेहरा यांचा कुठे उल्लेख नाही.

रूप बघून मांजर आणायची हौस यायला बराच काळ जावा लागला. पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाला १६२० च्या सुमारास इराणात खोरासानकडची लांब, रेशमी केसांची मांजरं दिसली आणि ती रोमला न्यायची त्याची इच्छा झाली. आपल्या जवळचा दाखला हवा असेल, तर तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा आहे. पेशवाईच्या अखेरीला पुण्यात रेसिडेंट असलेला आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला, तोच हा एल्फिन्स्टन. पुण्याचा रेसिडेंट होण्याआधी १८०८-०९ मध्ये तो काबूलच्या शहाकडे वकिलीवर गेला होता. त्या मोहिमेवर त्यानं लिहिलेला जाडजूड ग्रंथ १८१५ मध्ये निघाला. घोडे, उंट, मेंढ्या यांची माहिती देता देता तो मांजरांवरही येतो. लांब केसांची मांजरं त्या भागातून मोठ्या संख्येनं बाहेर पाठवली जातात, सगळीकडे त्यांना इराणी म्हणतात, पण इराणात ती फारशी नाहीतच, असं तो नोंदवतो. व्यापाऱ्यानं मालाला भारदस्त गावाचं नाव चिकटवायचं, ही रीत काही आजची नव्हे. गंमत अशी, की आज 'पर्शियन' म्हणून जे मांजर विकलं जातं, त्याच्या जनुकांची २००८ च्या सुमारास तपासणी झाली, तेव्हा ते इराणच्या मांजरांपेक्षा पश्चिम युरोपच्या मांजरांना जवळचं निघालं.

पण ही हौस मूठभरांची. सामान्य घरातलं मांजर उंदरांसाठीच होतं, आणि आपल्याकडे तर एकदा सरकारी डॉक्टरनं त्याची वकिली केली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात त्यानं काय केलं ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे. उंदीर आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवा यांच्यामार्फत हा रोग पसरतो, हे पुढच्या दहा वर्षांत पक्कं झालं. तेव्हा अमरावतीला सिव्हिल सर्जन असलेले लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी वऱ्हाडातल्या खेड्यांमधली मांजरं मोजायला घेतली. ज्या गावांत घरांच्या मानानं मांजरं भरपूर, निदान निम्म्या घरांत तरी, तिथं प्लेग फारसा शिरला नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९०८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा लेख छापून आला. मांजरालाही प्लेग होऊ शकतो, हे आज आपल्याला माहीत आहे, त्यामुळे त्या निष्कर्षावर बोट ठेवायला जागा आहे. तरी मला त्यातलं वेगळंच काही महत्त्वाचं वाटतं. एका सरकारी अधिकाऱ्यानं खेड्यात मांजरं वाढवा म्हणून सांगितलं, आणि ती आणायची कुठून, हा प्रश्न त्या काळी कुणाला पडायचं कारण नव्हतं. शेजारच्या घरातून, दुसरं काय!

आता इथून आपल्याला लंडनला जावं लागतं, कारण मांजर विकत घेणं आणि बेवारस मांजर संस्थेतून घरी आणणं, या दोन्ही गोष्टी आजच्या रूपात तिथं घडल्या. त्याही एकाच शहरात, एकाच पंचवीस वर्षांत.

१३ जुलै १८७१ या दिवशी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं एक प्रदर्शन भरलं. हॅरिसन वीअर या चित्रकारानं ते भरवलं होतं. सुमारे पावणेदोनशे मांजरं पिंजऱ्यांत गाद्यांवर बसवली होती. लोकांनी तुडुंब गर्दी केली. वीअरचा हेतू साधा होता. चुलीजवळ बसणाऱ्या, लाथ खाणाऱ्या मामुली मांजराकडे लोकांनी जरा कौतुकानं बघावं, एवढंच त्याला हवं होतं. झालं भलतंच. प्रदर्शन आलं तशी बक्षिसं आली, बक्षिसांबरोबर जाती ठरल्या, वंशावळी लिहिल्या जाऊ लागल्या, आणि वंशावळ असलेल्या पिल्लाला दाम मिळू लागला. १८८७ मध्ये नॅशनल कॅट क्लब निघाला. वीअर त्याचा पहिला अध्यक्ष. थोड्याच वर्षांत त्यानं राजीनामा दिला. सभासदांना मांजरांच्या सुखापेक्षा बक्षिसांची आस जास्त आहे, अशी त्याची तक्रार होती. बिचारा!

त्याच लंडनमध्ये रस्तोरस्ती बेवारस मांजरं होती. सधन मंडळी उन्हाळ्यात समुद्रकिनारी राहायला जात, घराला कुलूप लावत आणि मांजर बाहेर सोडून देत. हातगाडीवर घोड्याचं मांस काठ्यांना टोचून घरोघरी मांजरांसाठी विकणारे फेरीवाले असत. मालकीण गावाला गेली की ते मांसही बंद. मेरी टिल्बी नावाच्या बाईंनी १८६० मध्ये हरवलेल्या कुत्र्यांसाठी एक आश्रम काढला होता. तो पुढे बॅटरसी भागात गेला आणि १८८३ पासून तिथं मांजरंही घेऊ लागले. १८९६ मध्ये कॅम्डन टाउन भागात खास मांजरांसाठी संस्था निघाली.

इथं जरा थांबून सांगायला हवं. 'आश्रम' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं, तसं ते नव्हतं. या संस्थांत आलेल्या मांजरांपैकी फार थोडी कुणाच्या घरी जात. बाकीच्यांना क्लोरोफॉर्म. बॅटरसीत १८८४ मध्ये वेदना न होता प्राणी मारण्यासाठी खास कक्ष बसवला गेला. तो बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन या नामांकित डॉक्टरनं तयार केला होता, आणि त्या काळी ती दयेची मोठी सुधारणा मानली गेली. उपाशी मरण्यापेक्षा झोपेत मरण बरं, असा त्यांचा हिशेब. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. पण मी त्या बायांना निष्ठुर म्हणायला धजत नाही. त्यांनी निदान त्या मांजरांकडे बघितलं तरी. मी वळून बघितलं नव्हतं.

आपल्याकडची वाट वेगळी होती. १८३२ मध्ये मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून दंगल झाली. त्यात पारशी समाज पुढे होता. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि इतर व्यापाऱ्यांच्या पुढाकारानं मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. पांजरपोळीत मुख्यतः गुरं, पण सोडून दिलेले इतर प्राणीही घेत. तिथं मारायचं नाही, मरेपर्यंत सांभाळायचं. पुढे १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी सोसायटी निघाली आणि १८८० नंतरच्या काही वर्षांत दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला त्यांच्या पत्नी सकरबाई यांच्या नावानं जनावरांचं इस्पितळ झालं. परळला राहणाऱ्यांना ते 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणून ठाऊक आहे. कुत्र्या-मांजरांनाही तिथं उपचार मिळत आले आहेत. लंडनला मांजर मारत, आपल्याकडे ठेवून घेत. पण त्या मांजराला पुन्हा एखादं घर मिळवून द्यावं, ही कल्पना दोन्हीकडे दुबळीच होती. कशी असणार? एक भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येते. नऊ आठवड्यांत चार-पाच पिल्लं. वर्षातून दोन-तीन वेळा. इतकी घरं आणायची कुठून?

उत्तर भूलशास्त्रातून आलं. १९२७ मध्ये लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये जेसी वेड या बाईंच्या अध्यक्षतेखाली एक सभा झाली आणि मांजरांच्या संरक्षणासाठी 'कॅट्स प्रोटेक्शन लीग' स्थापन झाली. मांजरांची नसबंदी करून घ्या, हे सांगणं हळूहळू तिच्या कामाच्या मध्यभागी आलं. लोकांच्या गळी ते लवकर उतरलं नाही. बोक्याचं ऑपरेशन सोपं, भाटीचं पोट उघडावं लागतं, आणि चांगली भूल, जंतुनाशकं, पुढे प्रतिजैविकं हाताशी आल्याशिवाय ते स्वस्त आणि बिनधोक होणार नव्हतं. मधल्या काळात १९३९ चा सप्टेंबर येऊन गेला. युद्ध सुरू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात लंडनकरांनी आपणहून सुमारे चार लाख पाळीव कुत्री-मांजरं मारून घेतली. सरकारचा तसा हुकूम नव्हता. बॉम्ब पडतील, रेशन येईल, मग यांचं कसं होणार, या धास्तीनं रांगा लावून लोक आपलं मांजर घेऊन उभे राहिले. हिल्डा कीन या इतिहासकार बाईंनी यावर २०१७ मध्ये पुस्तक लिहिलं, तोवर इंग्रजांनीही ही गोष्ट बहुतेक विसरूनच टाकली होती.

युद्धानंतर मात्र चित्र पालटत गेलं. नसबंदी पशुवैद्यांकडे रोजची गोष्ट झाली. आणखी एक क्षुल्लक वाटणारा शोध लागला. अमेरिकेत मिशिगन राज्यात १९४७ मध्ये एड लो नावाच्या माणसाकडे शेजारीण मांजराच्या पेटीसाठी वाळू मागायला आली. त्यानं तिला पाणी शोषून घेणारी वाळवलेली माती दिली. त्यातूनच पुढे दुकानात पिशवीतून मिळणारी मांजराची माती निघाली. मांजर चोवीस तास घरात, चौथ्या मजल्यावरही राहू शकतं, हे त्या मातीमुळं शक्य झालं. पिल्लांचा लोंढा आटोक्यात येऊ लागला, तशी संस्थांतली मांजरं मारण्यापेक्षा देण्याकडे कल गेला. बॅटरसीच्या संस्थेच्या नावात 'मांजर' हा शब्द यायला मात्र २००२ साल उजाडलं. तिथलंच एक रस्त्यावरचं मांजर, लॅरी, २०११ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांच्या घरी उंदीर मारायच्या हुद्द्यावर रुजू झालं. पंतप्रधान आले आणि गेले, लॅरी तिथंच राहिला.

आपल्याकडे हे सगळं थोड्या उशिरानं आणि एकदमच आलं. वाडे पडले, फ्लॅट झाले. माळा गेला, सरपण गेलं, शिंकं गेलं. शिंक्याचं तुटलं नि बोक्याचं फावलं, ही म्हण समजावून सांगताना आता आधी शिंकं म्हणजे काय ते सांगावं लागतं. मांजरीला घरात शिरायला फटच राहिली नाही. मग मांजर हवं असेल तर दोनच मार्ग. एक दुकानाचा किंवा पैदास करणाऱ्याचा. चपट्या नाकाचं, ढगासारखं मऊ पर्शियन पिल्लू काही हजारांना मिळतं. ते नाक जितकं चपटं, तितका पुढे श्वासाचा आणि सतत गळणाऱ्या डोळ्यांचा त्रास, हे विकणारा क्वचितच सांगतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम केले. दुकानाची नोंदणी सक्तीची झाली आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आली. त्याआधीचं पिल्लू आईच्या दुधावर असतं, एवढी साधी गोष्ट कायद्यात लिहावी लागली.

दुसरा मार्ग दत्तक घेण्याचा. मला या शब्दाची सुरुवातीला मौज वाटली. ज्या दत्तकाच्या वादावरून १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा झालं, तो शब्द आता मांजराला! पण कागदपत्रं पाहिल्यावर मात्र शब्द चपखल आहे, असं वाटलं. शेजारच्या मुलीची आई तिला घेऊन एका संस्थेत गेली, तेव्हा मीही सोबत गेलो होतो. पैसे कुणी मागितले नाहीत. प्रश्न मात्र खूप. खिडक्यांना जाळी आहे का? घर भाड्याचं असेल तर मालकाची हरकत नाही ना? गावाला जाल तेव्हा मांजर कोण बघेल? घरातले सगळे राजी आहेत का? पिल्लू नेलं तर मोठं झाल्यावर ऑपरेशन कराल, असं लिहून द्या. मुलीची आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काका, हिच्या शाळेच्या प्रवेशालासुद्धा एवढं विचारलं नव्हतं." मला ते प्रश्न रास्त वाटले. संस्था चालवणाऱ्या बाई सांगत होत्या, की दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्यांच्या दारात खोकी येऊन पडतात. खोक्यात पिल्लं असतात. लंडनच्या त्या कुलूपबंद घरांचा उन्हाळा मला आठवला.

मुलीला पिल्लू हवं होतं. तिथं पिल्लंही होती. पण एक पट्ट्यापट्ट्यांची, दोनेक वर्षांची भाटी तिच्या मांडीवर येऊन बसली आणि उठेचना. मग निवड अशी फारशी करायला उरलीच नाही. जुन्या रीतीप्रमाणं मांजरानंच घर ठरवलं. तिच्या पिंजऱ्यावर एक कार्ड होतं. अंदाजे वय, लशींच्या तारखा, ऑपरेशन झालं आहे, आणि सापडल्याची जागा. ती जागा मंडईची मागची बाजू होती. आमच्या गावची नव्हे, याच शहरातली. मी चष्मा काढून पुसला आणि कार्ड पुन्हा वाचलं.

घरी येताना रिक्षात मुलीच्या लक्षात आलं, की मांजरीच्या डाव्या कानाचं टोक नाही. कुणी मारलं का हिला, म्हणून ती रडवेली झाली. मी सांगितलं, अगं, ती खूण आहे. हिचं ऑपरेशन झालेलं आहे, पुन्हा पकडून नेऊ नका, हे लांबून कळावं म्हणून कानाचं टोक कापतात. भूल दिलेली असतानाच कापतात, तिला कळतसुद्धा नाही. तिनं खात्री करून घेण्यासाठी आधी आईकडे, मग रिक्षावाल्याकडे बघितलं. रिक्षावाला म्हणाला, "बरोबर आहे ताई, आमच्या स्टँडवरच्या दोघींचेपण तसेच आहेत."